गप्पा चालू राहतील असं जॅझ : घरच्या कॉकटेलसाठी संगीत कसं निवडावं

बेळगावात पाहुण्यांसाठी नुसतं मागे काहीतरी वाजत ठेवणं तसं अवघड. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा, १९२४ सालचा. या भागातल्या कानांना गाणं समोर बसून ऐकायची सवय आहे. ख्याल लावला की निम्मे पाहुणे गप्प होतात आणि उरलेले बोलत राहिले तर त्यांच्याकडे डोळे वटारले जातात. जुनी हिंदी गाणी लावली तर दुसऱ्या कडव्यापासून सगळेच गायला लागतात. दोन्हींत गंमत आहे, पण हातात ग्लास घेऊन चार माणसांनी निवांत बोलायची संध्याकाळ त्यात हरवते. अशा वेळी जॅझ आणि लाउंज, म्हणजे निवांत बसून ऐकायचं हलक्या ठेक्याचं संगीत, कामाला येतात. शब्द पाठ नसतात, राग ओळखायची ओढ नसते, आणि लय मात्र अंगात भिनत राहते.

जॅझ म्हणून जे जे मिळतं ते सगळं मात्र चालत नाही. निवड करताना कसोटी एकच ठेवा. गाणं चालू असताना कुणाला "काय म्हणालात?" असं विचारावं लागू नये, आणि गाणं मध्येच बंद पडलं तर सगळ्यांच्या लगेच लक्षात यावं. पहिली अट मोडली तर संगीत जास्त झालं, दुसरी मोडली तर लावून न लावल्यासारखं.

आधी माणसं मोजा, मग खोली बघा

चार जण असतील तर संथ, पातळ संगीत पुरतं: पियानो, किंवा गिटार आणि बास (खालचे सूर देणारं मोठं तंतुवाद्य) एवढंच. आठ-दहा जण असतील तर बोलण्याचाच गलका इतका होतो की एकटा पियानो त्यात बुडून जातो. तिथे मागे ड्रम्सचा हलका ठेका लागतो. पंधराच्या वर माणसं गेली की नाजूक जॅझचा नाद सोडा आणि सरळ इलेक्ट्रॉनिक लाउंज लावा. त्याचा ठेका सारखा राहतो, त्यामुळे अर्धंच ऐकू आलं तरी बिघडत नाही.

टिळकवाडी-हिंदवाडीकडच्या बंगल्यांत हॉलला फरशी, उघड्या भिंती आणि स्लॅब. अशा खोलीत आवाज घुमतो, झांजा कानाला टोचतात. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत लाकडी माळा आणि जाड भिंती, त्यामुळे आवाज गोड राहतो, पण शेजारची भिंत आपलीच असते. गच्चीवर बसणार असाल तर खालचे सूर उडूनच जातात, कारण ते परतवून लावायला भिंती नसतात. खानापूरकडच्या शेतघरात पत्र्याचं छप्पर असेल आणि जुलैचा पाऊस लागला असेल, तर संगीताचा विचारच करू नका. पत्र्यावरच्या सरीपुढे कुठलाही घरगुती स्पीकर हरतो.

चार-पाच गोष्टी कानाने ओळखता आल्या की पुरे

जॅझचा इतिहास पाठ करायची गरज नाही. ख्यालाची सवय असलेल्याला त्याचा सांगाडा पटकन कळतो. आधी ठरलेली चाल वाजते, मग एकेक वादक तीच चाल डोक्यात धरून त्यावर आपलं मांडतो, आणि शेवटी सगळे मिळून मूळ चालीवर येतात. बऱ्याच चालींचं आवर्तन ३२ मापांचं (माप म्हणजे बहुधा चार ठोक्यांचा गट) असतं, आठ-आठ मापांचे चार तुकडे. त्यातला तिसरा वेगळा आणि बाकीचे तीन सारखे. हे कळलं की गाणं किती लांब जाणार याचा अंदाज यायला लागतो.

निवडीसाठी ऐकायचं ते वेगळं. पहिलं म्हणजे ड्रमवाला कशाने वाजवतो. काड्यांऐवजी तारांचे कुंचले असतील तर ड्रमवर हात फिरवल्यासारखा 'सुर्र-सुर्र' आवाज येतो. असं गाणं जवळजवळ नेहमी चालतं. दुसरं, पुढे कुठलं वाद्य आहे. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येतात, आणि ट्रम्पेटची धार नेमकी तिथेच येते. म्हणून ट्रम्पेट बोलण्याशी भांडतो. टेनर सॅक्सोफोन, नायलॉन तारांची गिटार, व्हायब्रफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) आणि पियानो मात्र बाजूने निघून जातात. तिसरं म्हणजे लय. मोबाइलवर मिनिटाला किती ठोके ते मोजणारी ॲप फुकट मिळतात. ६० ते ७० म्हणजे संथ, ११० ते १४० म्हणजे चालती. २०० च्या वर गेलं की ती वादकांची चढाओढ असते आणि पाहुण्यांच्या पायाला उगाच घाई सुटते. चार्ली पार्करच्या वळणाचं बीबॉप, म्हणजे भरधाव जॅझ, याच कारणाने बाजूला ठेवायचं, वाईट म्हणून नव्हे.

चौथी गोष्ट चढउतार. काही ध्वनिमुद्रणं कुजबुजीने सुरू होतात आणि मध्ये एकदम अंगावर येतात. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) ची शिफारस जो तो करतो, आणि अल्बम आहेच तसा. पण त्यातल्या पहिल्याच 'सो व्हॉट'ची सुरुवात पियानो आणि बासच्या इतक्या दबक्या सुरांत आहे की बोलत्या खोलीत ती ऐकूच येत नाही. यजमान उठून आवाज वाढवतो आणि दीड मिनिटाच्या सुमाराला झांजेचा फटका बसतो. हा अल्बम लावायचाच तर दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापासून लावा.

ग्लासात काय आहे त्यावरून

कॉकटेल आणि संगीत यांचं नातं नुसतं मूडचं नसतं. काही पेयं शेकरमध्ये हलवावी लागतात, काही चमच्याने ढवळतात, काही थेट ग्लासात तयार होतात. शेकरचा खडखडाट १०-१२ सेकंद चालतो आणि त्यात पियानोची हळवी जागा पार मरते. म्हणून लिंबाची, शेकरची पेयं संध्याकाळच्या पहिल्या भागात, ठेक्याच्या संगीताबरोबर द्या. ढवळायची कडक पेयं नंतर, संथ गाण्यांबरोबर. एवढा एक क्रम पाळला तरी अर्धं काम झालं.

*सुरुवातीचं लांब, थंड पेय आणि बोसा नोव्हा.* जिन-टॉनिक करत असाल तर ५० मिली जिनला १५० मिली टॉनिक, ग्लास बर्फाने काठोकाठ. चोर्ला घाटापलीकडची काजू फेणी हाताशी असेल तर ६० मिली फेणी, आठ फोडी केलेलं एक लिंबू आणि दोन चमचे साखर. लिंबू-साखर आधी ग्लासात जरा चेपून घ्या, मग बर्फ. हा ब्राझीलच्या कायपिरिन्याचाच मेळ, फक्त तिथल्या उसाच्या दारूऐवजी फेणी. (गोव्याहून बाटल्या आणताना परवान्याचे नियम आधी विचारून घ्या, सीमेवर डिकी उघडायला लावतात.) त्यामुळे संगीतही ब्राझीलचंच लावावं. बोसा नोव्हा १९५० च्या दशकाच्या शेवटी रिओत घडलं. गायक जवळजवळ कुजबुजत गातो, गिटारच ठेका धरते, आणि कुणीही कुणावर ओरडत नाही. स्टॅन गेट्झ आणि झुआंव जिल्बेर्तो यांचा 'गेट्झ/जिल्बेर्तो' (१९६४) पासून सुरुवात करा. आठच गाणी, जेमतेम ३५ मिनिटं, म्हणजे पहिल्या ग्लासाला अगदी बेताची. शब्द बहुतेक पोर्तुगीज असल्याने बहुतेकांचं लक्ष त्यात अडकत नाही. पुढे आंतोनियो कार्लोस जोबिमचा 'वेव्ह' (१९६७) जोडा. तो जवळजवळ सगळा वाद्यांचाच आहे आणि पाहुणे येत-जात असताना त्याच्यासारखं दुसरं नाही.

*रम, लिंबू, फळांचे रस आणि एक्झॉटिका.* ६० मिली रम, २० मिली लिंबाचा रस, १५ ते २० मिली साखरेचा पाक, बर्फ घालून शेकरमध्ये १२ सेकंद. अशा पेयांबरोबर अमेरिकेत १९५० च्या दशकात एक वेगळंच संगीत वाढलं. होनोलुलूच्या एका हॉटेलच्या बारमध्ये मार्टिन डेनीचा चमू वाजवत असे. शेजारच्या तळ्यातले बेडूक मध्येच ओरडत, तेव्हा वादकांनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढायला सुरुवात केली आणि लोकांना तेच आवडलं. 'एक्झॉटिका' हा अल्बम १९५७ चा. व्हायब्रफोन, घंटा, पक्षी, बेडूक सगळं त्यात आहे. चार-पाच गाणी लावा. अर्ध्या तासाच्या वर गेलं की त्याचा कंटाळा येतो. पावसाळ्यात बाहेरचे बेडूक साथीला असतातच, तेव्हा आवाज थोडा कमी ठेवला तरी चालतो.

*व्हिस्की आणि ढवळलेली कडक पेयं.* इथे जॅझचा खरा खजिना उघडतो. साधं ओल्ड फॅशन्ड करायला ६० मिली व्हिस्की, ५ मिली पाक, बिटर्सचे (कडू अर्काचे) दोन झटके, मोठा बर्फ, आणि ३० सेकंद ढवळणं. पाक साखरेऐवजी गुळाचा करा. गूळ आणि पाणी सारख्या वजनाने गरम करून गाळून घ्यायचं. आपल्याकडचा गूळ या पेयाला जी खोली देतो ती साखरेला येत नाही. बिटर्स नसतील तर संत्र्याची साल ग्लासावर पिळली तरी भागतं.

याच्याबरोबर पियानो त्रिकूट, म्हणजे पियानो, बास आणि ड्रम्स. अहमद जमालचा 'ॲट द पर्शिंग' (१९५८) नवशिक्यासाठी सगळ्यांत सोपा दरवाजा. जमाल सुरांपेक्षा मोकळ्या जागा जास्त ठेवतो आणि त्या जागांत पाहुण्यांचं बोलणं आपोआप बसतं. ऑस्कर पीटरसनचा 'नाइट ट्रेन' (१९६३) जरा भरदार, लोक मोकळे झाल्यावर लावण्याजोगा. गिटार आवडत असेल तर केनी बरेलचा 'मिडनाइट ब्लू' (१९६३). त्यात पियानोच नाही. गिटार आणि टेनर सॅक्स, खाली काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ड्रम. व्हिस्कीच्या दुसऱ्या ग्लासाला यापेक्षा नेमका अल्बम सापडणं कठीण.

बिल इव्हान्सच्या त्रिकुटाचं २५ जून १९६१ चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं ध्वनिमुद्रण 'वॉल्ट्झ फॉर डेबी' या नावाने मिळतं. त्यात मागे श्रोत्यांची कुजबुज आणि ग्लासांचा किणकिणाट स्पष्ट ऐकू येतो. घरात लावलं की एखादा पाहुणा हमखास वळून बघतो. पण याचा बास फार बोलका आहे, नुसता ठेका धरून बसत नाही. त्यामुळे चार माणसांतच लावा, दहा माणसांत ते वाया जातं.

टेनर सॅक्सची संथ गाणी हवीत तर जॉन कोल्ट्रेनचा 'बॅलड्स' (१९६३) घ्या. कलाकाराच्या नावावर विसंबून राहू नका, हे इथे सांगायलाच हवं. याच कोल्ट्रेनचा 'असेन्शन' (१९६६) म्हणजे अकरा वादकांचा सुमारे ४० मिनिटांचा कल्लोळ. 'कोल्ट्रेन लाव' असं फोनला सांगितलंत आणि तो आला, तर सोलकढीसुद्धा कुणाच्या घशाखाली उतरणार नाही.

गाणारे आवाज हवेत, पण बेताने. साधारण तीन वाद्यांच्या तुकड्यांनंतर एक गाणं. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांचा 'एला अँड लुई' (१९५६) घरातल्या वडीलधाऱ्यांनाही रुचतो, कारण इंग्रजी कळो न कळो, दोघांचा खेळकरपणा आवाजातूनच पोहोचतो. ज्युली लंडनच्या 'ज्युली इज हर नेम' (१९५५) मध्ये तिच्या आवाजाला फक्त गिटार आणि बासची साथ आहे. कमी माणसं असतील तेव्हाच.

*गच्ची, संध्याकाळ आणि इलेक्ट्रॉनिक लाउंज.* स्पेनच्या इबिझा बेटावरच्या कॅफे देल मार या जागी सूर्यास्ताच्या वेळी असं संगीत लावायची रीत पडली. कॅफे १९८० चा, त्याच्या नावाचे संकलित अल्बम १९९४ पासूनचे. फ्रान्सच्या एअर जोडीचा 'मून सफारी' (१९९८), अमेरिकेतल्या थीव्हरी कॉर्पोरेशनचा 'द मिरर कॉन्स्पिरसी' (२०००), पॅरिसच्या बुद्धा-बारची १९९९ पासूनची संकलनं, एवढ्यावर दोन संध्याकाळी निघतात. बुद्धा-बारच्या धाटणीत मध्येच सतार आणि आलाप येतात. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना ते कधी कधी खटकतं, तेव्हा आधी स्वतः ऐकून दोन-तीन तुकडे काढून टाका.

*आपल्या बाजूचं.* जॅझ काही आपल्याला परकं नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबीचा अमेरिकी बँड आला, आणि पुढच्या काळात गोव्याच्या वादकांनी ही कला हातात घेतली. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळात होता. 'अलबेला' (१९५१) मधल्या ब्रासमध्ये, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांत, ते वळण ऐकू येतं. लॉर्ना आणि ख्रिस पेरी यांची कोकणी गाणी तर फेणीची सख्खी भावंडं. पण हे सगळं जेवणानंतर, कारण ही गाणी लागली की आपल्याकडे माणसं उठून उभी राहतात.

शंकर-जयकिशन यांचा 'रागा-जॅझ स्टाइल' (१९६८) हा अल्बम वेगळ्या जातीचा. अकरा राग, रईस खाँची सतार आणि सॅक्स-ट्रम्पेटचा ताफा. इतरत्र तो पार्श्वसंगीत म्हणून खपून जातो. बेळगावात 'हा तोडी म्हणायचा का?' यावर अर्धा तास जातो. वाद हवा असेल तेव्हाच लावा.

तसंच डेव्ह ब्रूबेकच्या 'टेक फाइव्ह'चं. ते 'टाइम आउट' (१९५९) मधलं, पाच मात्रांचं, ३ आणि २ असे भाग पडणारं. तबला शिकलेला एक जरी पाहुणा असेल तर तो टेबलावर झपतालाशी ताडून पाहायला लागतो, आणि मध्यात ड्रम्सचा लांब तुकडा आला की बाकीचेही थांबतात. यादीत ठेवा, पण शेवटाकडे.

यादी बांधताना

तयार प्लेलिस्ट शोधून 'कॉकटेल जॅझ' नावाची पहिलीच लावणं हा सोपा मार्ग, आणि बहुतेक वेळा त्यातच फसगत होते. अशा याद्यांत मूळ वादकांपेक्षा त्याच त्या चालींचे गुळगुळीत नमुने जास्त असतात आणि तासाभरात सगळं एकसारखं ऐकू येऊ लागतं. स्वतःची यादी बांधायला दोन तास लागतात आणि ती वर्षभर पुरते.

साडेसातला पाहुणे आणि नऊच्या पुढे जेवण, असा आपल्याकडचा रिवाज धरून हिशोब असा:

१. आगमन, ४० मिनिटं: बोसा नोव्हा, ११-१२ गाणी. इथली गाणी तीन-साडेतीन मिनिटांची असतात.

२. गप्पा रंगल्यावर, ६० मिनिटं: पियानो त्रिकूट, गिटार, चालती लय, सरासरी पाच मिनिटं धरून १२ तुकडे, त्यात तीन गायलेले.

३. जेवणाआधीचा अर्धा तास: लाउंज किंवा एक्झॉटिका, सहा तुकडे.

४. जेवण, ४५ मिनिटं: संथ सॅक्स आणि पियानो, नऊ तुकडे.

५. कुंद्याच्या वाट्या फिरेपर्यंत आणि निरोपाला, अर्धा तास: गोव्याचं, जुनं हिंदी, ज्याला जे हवं ते.

एकूण सुमारे साडेतीन तास. ड्रम्सचा एकट्याचा तुकडा, टाळ्यांनी सुरू होणारी गाणी आणि दहा मिनिटांपेक्षा लांब काहीही पहिल्या तीन भागांत घेऊ नका.

यादी झाली की प्रत्येक गाण्याचे पहिले २० आणि शेवटचे २० सेकंद ऐका. दोन गाण्यांच्या सांध्यावरच आवाजाचा धक्का बसतो. ॲपच्या सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणायची सोय असते. ती चालू करा, नाहीतर १९५५ चं ध्वनिमुद्रण पुटपुटतं आणि २००० सालचं ओरडतं. एका गाण्यावर दुसरं चढवायची सोय लाउंजसाठी चार-पाच सेकंद ठेवली तर छान. जॅझसाठी बंद, कारण शेवटचा सूर विरत असतानाच पुढचं गाणं त्यात घुसतं. शफल बंद. यादी संपल्यावर ॲपने आपल्या मनाने पुढचं लावायची सोय तर आठवणीने बंद करा.

मग सगळं डाउनलोड करून ठेवा. उत्तम दर्जा म्हणजे ३२० केबीपीएस धरला तर मिनिटाला सुमारे २.४ एमबी, साडेतीन तासांना ५०० एमबी. हे न करणाऱ्यांची दोन ठिकाणी पंचाईत होते: खानापूरच्या पुढे, जिथे रेंज येते-जाते, आणि शहरात वीज गेली की राउटरही जातो तेव्हा. आणि जाहिराती येणारं फुकटचं ॲप अशा संध्याकाळी नकोच. बिल इव्हान्सनंतर बांधकामाच्या सळयांची जाहिरात आली की सगळा डाव विस्कटतो.

खोलीत आवाज बसवणं

स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात आणि उभ्या बासचा सूर न येता नुसतं 'बूं बूं' येतं. भिंतीपासून ३०-५० सेंटिमीटर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर ठेवा. एका मोठ्या स्पीकरचा आवाज वाढवण्यापेक्षा दोन लहान स्पीकर दोन टोकांना हळू ठेवले तर बरं. नाहीतर एकाच्या शेजारी बसलेल्याचे कान किटतात आणि लांबच्याला काहीच ऐकू येत नाही.

इथे एक गोष्ट अनुभवींकडूनही सुटते. १९५० च्या दशकाच्या शेवटची आणि ६० च्या दशकातली बरीच स्टिरिओ ध्वनिमुद्रणं अशी आहेत की सॅक्स पूर्ण डावीकडे आणि ड्रम्स पूर्ण उजवीकडे. स्पीकरची जोडी हॉल आणि बाल्कनी अशी वाटून ठेवलीत तर हॉलमध्ये फक्त सूर आणि बाल्कनीत फक्त ठेका जातो. उपाय सोपा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली 'मोनो ऑडिओ' असतं. ते चालू करा, दोन्हीकडे सगळं येईल.

फरशीचा हॉल घुमत असेल तर जाड सतरंजी अंथरा, पडदे ओढून घ्या. पाहुणे बसल्यावर घुमणं आणखी कमी होतं. स्पीकरवरचा 'बास बूस्ट' बंद. छोट्या स्पीकरला फार खालचा सूर काढता येतच नाही, बळजबरी केली की तो फाटतो.

पातळी ठरवायची रीत अशी: गाणं लावा, सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर बसा, आणि हातभर अंतरावर दुसऱ्या कुणाशी नेहमीच्या आवाजात बोला. समोरच्याने कान पुढे केला तर दोन खाचा कमी. मोबाइलवरच्या डेसिबल मापकाने बघाल तर रिकाम्या खोलीत ५० ते ५५ ठीक. मोबाइलचं माप अंदाजाचंच असतं. आठ जण जमल्यावर एकदाच, आणि थोडाच, आवाज वाढवा. दर अर्ध्या तासाने वाढवत गेलात तर माणसं त्यावर आवाज चढवतात, तुम्ही पुन्हा वाढवता, आणि दहापर्यंत सगळे ओरडत असतात. गलका चढला तर उलट आवाज थोडा कमी करा. दोन मिनिटांत माणसंही खाली येतात.

त्या संध्याकाळी

संगीत चालवणारा फोन वेगळा ठेवा, किंवा एअरप्लेन मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू करा. गाणी उतरवलेली असल्याने काही अडत नाही, आणि कुणाचा फोन आला म्हणून स्पीकरवर रिंगटोन घुमत नाही. ब्लूटूथ मोकळ्या जागेत दहा मीटरपर्यंत जातं. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे त्याचा भरवसा नाही. फोन आणि स्पीकर एकाच खोलीत हवेत. गाणं मध्येच तुटक येऊ लागलं तर स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू आहे का बघा. दोघं एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, त्यामुळे कुणी कबाब गरम करायला ठेवले की सॅक्स अडखळतो.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर लावला की काही घरांत सतत 'घूं' ऐकू येतं. साध्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरचा तो दोष, ॲम्प्लिफायरचा नव्हे. वीज येईपर्यंत बॅटरीवरचा स्पीकर वापरा आणि तो दुपारीच चार्ज करून ठेवा.

न पिणाऱ्यांचा आणि गाडी चालवत परतणाऱ्यांचा ग्लासही पाहुण्याच्या मानाचाच हवा. कोकमाचं आगळ ३० मिली, साखरेचा पाक २० मिली, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, वर थंड सोडा, त्याच उंच ग्लासात. आगळ खारट असतं, मीठ वेगळं घालू नका.

रात्री दहाला गच्चीवरचं संगीत खाली आणायचं. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. आणि उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला रात्री बंदी. हॉलमध्ये दारं-खिडक्या लावूनही बास शेजारी जातोच, कारण खालचे सूर भिंत अडवत नाही. दहानंतर शेवटच्या भागातली ब्रासची गाणी वगळून पियानोवर या.

कुणी पाहुणा 'जरा माझं गाणं लावा' म्हणाला तर फोन त्याच्या हाती देऊ नका. गाणं विचारून पाचव्या भागात टाका आणि तसं त्याला सांगा. दुसऱ्या दिवशी यादी उघडून ज्या गाण्यांपाशी आवाज कमी-जास्त करावा लागला ती काढून टाका. ज्याबद्दल कुणी 'हे कुणाचं?' असं विचारलं, त्या वादकाचा पूर्ण अल्बम पुढच्या खेपेला दुसऱ्या भागात घ्या.